जुन्नर-आंबेगाव परिसरातील काळा पाषाण : लेण्यांपासून खडीपर्यंतचा इतिहास

सारांश

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेले आहेत. या खडकाचा मानवी उपयोग अश्मयुगीन हत्यारांपासून सुरू होतो आणि लेणी, घाटरस्ते, किल्ले, मंदिरे, धरणे असा प्रवास करीत आजच्या खडीक्रशरपर्यंत येऊन पोहोचतो. ‘काळा दगड’ या एकाच नावाने ओळखला जाणारा हा खडक प्रत्यक्षात एकजिनसी नाही. त्याच्या प्रकारांत घट्टपणा, सच्छिद्रता, संधी, दुय्यम खनिजे व अपक्षय यांबाबत मोठा फरक असतो आणि त्यावरच रस्त्याच्या व काँक्रीटच्या खडीची प्रत अवलंबून असते. प्रस्तुत शोधनिबंधात या फरकाचे ज्ञान प्रत्येक कालखंडात कसे वापरले गेले आणि यंत्रयुगात त्याकडे दुर्लक्ष होण्याचा धोका कसा निर्माण झाला, याचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

बीजसंज्ञा : बेसाल्ट, कुहरी बेसाल्ट, खडी, डबर, मुरूम, लेणी, काँक्रीट, अपक्षय

१. प्रस्तावना

‘महाराष्ट्र देशा, दगडांचा देश’ हा उल्लेख आपल्याकडे अभिमानाने केला जातो. परंतु या दगडाचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला गेला आहे. इतिहासकाराचे लक्ष लेण्यातील शिलालेखाकडे, किल्ल्याच्या दरवाजाकडे किंवा मंदिराच्या शिल्पाकडे जाते. ज्या खडकात हे सर्व कोरले गेले तो खडक पार्श्वभूमी म्हणूनच राहतो. दुसरीकडे स्थापत्य अभियंता त्याच खडकाकडे केवळ बांधकाम साहित्य म्हणून पाहतो. त्यास खडीचे आघातमूल्य हवे असते. तो दगड ज्या डोंगरातून आला त्या डोंगराचा मागोवा घेण्याचे त्यास सहसा कारण पडत नाही.

या दोन दृष्टींना जोडणारा प्रश्न प्रस्तुत निबंधाच्या केंद्रस्थानी आहे. एकाच डोंगरातील खडकाचा एक थर लेणे कोरण्यास उत्तम ठरतो आणि दुसरा थर खडीसाठी उत्तम ठरतो, असे का होते? हा प्रश्न केवळ ज्ञानजिज्ञासेचा नाही. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत आज रस्ते, पूल, कालवे, घरे यांसाठी मोठ्या प्रमाणावर दगड फोडला जातो. याच तालुक्यांत लेणी व किल्ले आहेत, द्राक्षाच्या व टोमॅटोच्या बागा आहेत आणि पश्चिमेकडे आदिवासी वस्त्यांचे नाजूक डोंगरउतार आहेत. कोणता दगड कोठून काढावा व तो कशासाठी वापरावा, हा निर्णय चुकला तर रस्ता लवकर उखडतो, काँक्रीटला तडे जातात आणि एकदा फोडलेला डोंगर परत मिळत नाही.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) जुन्नर-आंबेगाव परिसरातील बेसाल्ट खडकाच्या प्रमुख प्रकारांचा परिचय करून देणे; (आ) विविध कालखंडांत या खडकाचा उपयोग कसा होत गेला याचा आढावा घेणे; (इ) खडकाच्या गुणधर्मांचा रस्त्याच्या व काँक्रीटच्या खडीवर होणारा परिणाम स्पष्ट करणे; (ई) वर्तमान वापरासंबंधी काही निष्कर्ष मांडणे.

यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून पुरातत्त्व, अभियांत्रिकी भूविज्ञान व भारतीय मानके या तिन्ही क्षेत्रांतील प्रकाशित माहितीचा आधार घेतला आहे.

३. अभ्यासक्षेत्र व त्यातील खडक

जुन्नर व आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुके होत. पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग, नाणेघाट, माळशेज घाट व भीमाशंकरचा डोंगराळ प्रदेश असून पूर्वेकडे जमीन उतरत जाऊन पठारी होते. कुकडी, मीना व घोड या प्रमुख नद्या पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. मीना व कुकडी घोडनदीस मिळतात आणि घोड पुढे भीमेस मिळते. पश्चिमेस अतिवृष्टी आणि पूर्वेस अवर्षणप्रवण पट्टा असे चित्र अवघ्या काही कोसांच्या अंतरात पाहावयास मिळते. खडकाच्या अपक्षयाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

येथील सर्व डोंगर दख्खनच्या लाव्हा थरांचे आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वारंवार बाहेर पडलेला लाव्हा थरावर थर साचून थंड झाला. आज या खडकाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापलेले आहे. एका थरात तळापासून माथ्यापर्यंत खडकाचे स्वरूप बदलत जाते. लाव्ह्यातील वायू वर जाऊ पाहत असल्याने थराचा माथा सच्छिद्र होतो. आतील भाग सावकाश थंड झाल्याने घट्ट बनतो. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीसारखा मऊ पट्टा आढळतो.

अभियांत्रिकी दृष्टीने येथील खडकाचे स्थूलमानाने पुढील प्रकार करता येतात.

*घट्ट बेसाल्ट :* हा सूक्ष्मकणी, गडद काळा व जड असतो. त्याचे विशिष्ट गुरुत्व साधारणतः २.८ ते ३.० इतके भरते. थंड होताना आकुंचन पावल्याने त्यात उभ्या-आडव्या संधी पडतात. काही ठिकाणी त्या स्तंभाकृती असतात.

*कुहरी बेसाल्ट :* यातील वायूच्या पोकळ्या नंतरच्या काळात झिओलाइट, कॅल्साइट, कॅल्सेडोनी, हिरवट मृण्मय खनिजे इत्यादींनी भरल्या गेल्या. त्यामुळे खडकावर पांढरे-हिरवे ठिपके दिसतात. हा खडक घट्ट बेसाल्टपेक्षा मऊ असतो. परंतु त्यात संधी अत्यल्प असतात.

*बृहत्स्फटी बेसाल्ट :* यात प्लॅजिओक्लेज फेल्स्पारचे काही सेंटिमीटर लांबीचे पांढरट स्फटिक विखुरलेले असतात. दख्खनच्या भूवैज्ञानिक साहित्यात या प्रकारच्या दोन थरांना मंचर व गिरवली या आंबेगाव तालुक्यातील गावांची नावे मिळाली आहेत. गिरवली हे नाव अनेकांना २००६ पासून कार्यरत असलेल्या आयुकाच्या वेधशाळेमुळे परिचित आहे. भूवैज्ञानिकांना ते त्याआधीपासून खडकामुळे ठाऊक होते.

*अपक्षयित बेसाल्ट व मुरूम :* पाणी व हवा यांच्या दीर्घ परिणामामुळे खडक कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटत जातो, त्याचे गोल धोंडे बनतात आणि शेवटी मुरूम तयार होतो.

४. प्राचीन काळ : हत्यारे, लेणी व घाटवाट

या परिसरातील दगडाच्या निवडीचा सर्वांत जुना पुरावा कुकडीकाठच्या बोरी येथे मिळतो. येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि अश्यूलियन प्रकारची दगडी हत्यारे आढळली. राखेच्या कालमानाविषयी संशोधकांत मतभेद आहेत. काहींनी ती इंडोनेशियातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकातील मानली, तर काहींनी ती त्याहून कितीतरी जुनी ठरविली. कालमान कोणतेही असले तरी हात-कुऱ्हाडीसाठी मानवाने घट्ट, सूक्ष्मकणी दगड निवडला, ही गोष्ट लक्षणीय आहे. धारदार कडा मिळण्यासाठी दगड एकसारखा फुटावा लागतो. पोकळ्यांनी भरलेला दगड तसा फुटत नाही.

पुढे ताम्रपाषाण काळात घोडनदीच्या खोऱ्यात, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे शेती करणाऱ्या समाजाची वसाहत उदयास आली. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. या काळातील लहान पाती कॅल्सेडोनीसारख्या गारेच्या दगडाची असत. हा दगड बेसाल्टच्या पोकळ्यांतूनच सुटून नदीपात्रात येतो. ताम्रपाषाणकालीन कारागिराला मौल्यवान वाटणारे हेच खनिज आधुनिक काँक्रीटमध्ये मात्र संशयास्पद ठरते. त्याचा विचार पुढे केला आहे.

सातवाहन काळात जुन्नर हे व्यापारी मार्गावरील मोठे केंद्र बनले. जुन्नरभोवती शिवनेरी, मानमोडी, तुळजा व लेण्याद्री या डोंगरांत इसवी सनापूर्वीच्या शतकांपासून सुमारे तिसऱ्या शतकापर्यंत लेणी कोरली गेली. त्यांची संख्या १८० हून अधिक असून एका परिसरात इतकी लेणी भारतात अन्यत्र क्वचितच आढळतात. येथील शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्या व कासारकाम करणाऱ्या श्रेणींचे तसेच यवन दात्यांचे उल्लेख आहेत. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने पाण्याची पोढी व मंडप दान दिल्याचा लेख मानमोडी डोंगरात आहे.

हे काम कोणत्या खडकात झाले? लेण्याद्रीचे ज्या दालनात आज गिरिजात्मज गणेशाचे स्थान आहे ते दालन सुमारे १७ मीटर लांब व १५ मीटर रुंद असून त्यात एकही खांब नाही. एवढे सपाट छत खांबाविना टिकण्यासाठी खडकात संधी नसणे आवश्यक असते. पश्चिम भारतातील लेणी प्रामुख्याने संधिरहित कुहरी बेसाल्टमध्ये कोरली गेली, या वस्तुस्थितीकडे पुण्यातील अभियांत्रिकी भूविज्ञानाचे अभ्यासक प्रा. आर. बी. गुप्ते यांनी लक्ष वेधले होते. घट्ट बेसाल्ट कठीण असला तरी त्यातील संधींमुळे ठोकळे सुटून पडतात. कुहरी बेसाल्ट तुलनेने मऊ असल्याने छिन्नीस साथ देतो आणि अखंड असल्याने छत धरून ठेवतो. पोढ्यांच्या बाबतीतही तेच. संधी नसल्याने पाणी झिरपत नाही. त्या काळच्या पाथरवटाकडे खडकाची शास्त्रीय नावे नव्हती. परंतु गुणधर्मांची पारख निश्चित होती.

जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट हे या ज्ञानाचे दुसरे उदाहरण होय. कल्याण व सोपारा या बंदरांकडे जाणाऱ्या मालाची ही वाट होती. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख असून त्यातील अंकचिन्हे भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात महत्त्वाची मानली जातात. माथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही उभा आहे. वाटेवर दगडी पायऱ्या व फरसबंदी होती. पावसाळी घाटात खुरांखाली टिकेल असा पृष्ठभाग तयार करणे, हा प्रश्न त्या काळीही होता. तो मोठे दगड बसवून सोडविला गेला. दगडाचे तुकडे करून रस्ता बांधण्याची कल्पना अद्याप दूर होती.

५. मध्ययुग : मंदिर, किल्ला व गावगाडा

कुकडीच्या उगमाजवळ पूर येथील कुकडेश्वराचे मंदिर हे या भागातील घडीव दगडकामाचे उल्लेखनीय उदाहरण आहे. दगडावर दगड बसवून उभारलेल्या मंदिरांत प्रत्येक चिऱ्यावर वरचा भार थेट येतो. त्यामुळे येथे संधी असलेला घट्ट बेसाल्ट अडचणीचा नसून सोयीचा ठरतो. कारण खाणीतून ठोकळे संधींच्या रेषेवरच सुटतात.

शिवनेरी किल्ल्यावर १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म झाला. या किल्ल्यास बळकटी मिळाली ती त्याच्या ताशीव कड्यांमुळे आणि गंगा-जमुना यांसारख्या कातळटाक्यांमुळे. कडा हे घट्ट थराचे देणे आणि टाके हे अखंड थराचे देणे, असे म्हणता येईल. एकाच डोंगराच्या भिन्न थरांचा भिन्न कामासाठी उपयोग करण्याची ही परंपरा लेण्यांच्या काळापासून अखंड चालत आली होती.

गावगाड्यात दगडाचे काम पाथरवट व वडार समाजाकडे होते. जाते, पाटा-वरवंटा, उखळ, विहिरीचे बांधकाम, घराचे जोते ही सर्व कामे त्यांच्या हाताने होत. दगडावर घण मारताच येणाऱ्या आवाजावरून दगड ‘बोलतो’ की ‘बद्द’ आहे हे ओळखले जाई. खणखणीत आवाज देणारा दगड ताजा व घट्ट, तर बद्द आवाज देणारा आतून कुजलेला किंवा भेगाळलेला. आधुनिक प्रयोगशाळेत ध्वनितरंगांचा वेग मोजून खडकाची प्रत ठरवितात. दोन्हींमागील तत्त्व एकच आहे.

६. ब्रिटिश काळ : खडीच्या रस्त्याचा उदय

दगडाच्या इतिहासातील मोठे स्थित्यंतर एकोणिसाव्या शतकात झाले. स्कॉटलंडचे जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६–१८३६) यांची १८१६ मध्ये ब्रिस्टल येथील रस्त्यांवर नेमणूक झाली आणि त्यांनी रस्ताबांधणीचा विचारच बदलून टाकला. मोठ्या दगडांच्या पायाची आवश्यकता नसून लहान, स्वच्छ व कोनदार तुकडे एकमेकांत अडकून घट्ट थर बनवितात, असे त्यांनी प्रतिपादन केले. तुकड्याचे वजन सहा औंसांपेक्षा अधिक नसावे, हा त्यांचा दंडक प्रसिद्ध आहे. दगडाचा आकार, स्वच्छता व कोनदारपणा यांना महत्त्व आले ते येथपासून.

लॉर्ड डलहौसी यांच्या कारकिर्दीत (१८४८–१८५६) स्वतंत्र सार्वजनिक बांधकाम खाते स्थापन झाले आणि ही पद्धत मुंबई इलाख्यात रुळली. राजगुरुनगर म्हणजे तेव्हाचे खेड, मंचर व नारायणगाव यांवरून जाणारा पुणे-नाशिक रस्ता या भागाचा कणा बनला. डबराचे सोलिंग, त्यावर खडीचा थर, वर मुरूम, पाणी आणि रूळ, ही पद्धत पुढे शंभराहून अधिक वर्षे टिकली. बेसाल्टची खडी आणि बेसाल्टचाच मुरूम हे दोन्ही रस्त्याच्या कडेलाच उपलब्ध असल्याने या प्रदेशास ती विशेष सोयीची होती.

खडी हाताने फोडली जाई. या कामाचा एक करुण संबंध दुष्काळाशी आहे. १८७६–७८ च्या व त्यानंतर १८९६ ते १९०० या काळातील दुष्काळांत सरकारी मदतीच्या कामांत खडी फोडणे हे प्रमुख काम होते. ठरलेल्या मापाची खडी रास घालून दिल्याशिवाय पुरी मजुरी मिळत नसे. स्वातंत्र्यानंतरही हे चित्र संपले नाही. १९७२–७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाखांच्या घरात पोहोचली होती. त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा होता. खडी फोडणाऱ्या बाईच्या हाताला दगडाचा फरक आधी कळे. घट्ट दगड लवकर फुटत नाही, पण फुटला की कोनदार तुकडे देतो. कुजलेला दगड भराभर फुटतो, परंतु त्याचा निम्मा चुरा होतो. ब्रासवर मजुरी मिळत असल्याने हा फरक थेट पोटाशी जोडलेला होता. महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्यामागे (१९७७) या अनुभवाची पार्श्वभूमी आहे.

७. प्रमाणीकरणाकडे वाटचाल

रस्त्याच्या दगडाची पारख कारागिराच्या हातातून प्रयोगशाळेत जाण्याच्या प्रक्रियेत एका मराठी नेत्याचे नाव येते. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींनंतर केंद्रीय रस्ते निधी (१९२९) आणि इंडियन रोड्स काँग्रेस (१९३४) अस्तित्वात आले. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९५२ मध्ये दिल्लीत केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचे काम सुरू झाले. १९६३ मध्ये खडीच्या चाचण्यांचे भारतीय मानक आयएस २३८६ आणि १९७० मध्ये काँक्रीटच्या खडी-वाळूचे मानक आयएस ३८३ सुधारित रूपात प्रसिद्ध झाले. आयएस ३८३ ची पुढील सुधारणा २०१६ मध्ये झाली.

याच काळात कुकडी प्रकल्पांतर्गत येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे व पिंपळगाव जोगे ही पाच धरणे उभी राहिली. दगड, खडी व काँक्रीट यांची एवढी मागणी या भागाने पूर्वी पाहिली नव्हती. घोडनदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात जुने आंबेगाव बुडाले आणि तालुक्याचे नाव ज्या गावावरून पडले तेच गाव नकाशावरून गेले. दगडाने पाणी अडविले व पूर्वेकडील शेती भिजली. त्याची किंमत पश्चिमेकडील आदिवासी कुटुंबांनी विस्थापनाच्या रूपाने मोजली, याची नोंद या इतिहासात व्हावयास हवी.

८. खडकाचे गुणधर्म व रस्त्याची खडी

रस्त्यावरील खडीस चाकांचा दाब, आघात व घर्षण सोसावे लागते. त्यानुसार तीन प्रमुख चाचण्या केल्या जातात. दाबमूल्य चाचणीत खडीवर ४० टनांपर्यंत भार देऊन किती चुरा होतो ते मोजतात. आघातमूल्य चाचणीत सुमारे १४ किलोग्रॅमचा हातोडा ३८० मिलिमीटर उंचीवरून १५ वेळा पाडतात. लॉस एंजेलिस चाचणीत फिरत्या पिंपात पोलादी गोळ्यांसह खडी घोळून झीज ठरवितात. तिन्हींत मूल्य जितके कमी तितकी खडी चांगली. आयएस ३८३ नुसार चाकांची झीज सोसणाऱ्या पृष्ठभागाच्या काँक्रीटसाठी ही तिन्ही मूल्ये ३० टक्क्यांच्या आत असावी लागतात. अन्य काँक्रीटसाठी दाब व आघात यांची मर्यादा १९७० च्या मानकात ४५ टक्के, तर घर्षणाची ५० टक्के होती.

ताजा घट्ट बेसाल्ट या कसोट्यांवर सहज उतरतो. त्याचे सूक्ष्म स्फटिक एकमेकांत गुंतलेले असल्याने भेग पसरण्यास वाव मिळत नाही. ज्या संधींमुळे तो लेण्यासाठी गैरसोयीचा ठरला, त्याच संधी खाणीत सुरुंगाचे काम हलके करतात आणि क्रशरला योग्य आकाराचा डबर मिळवून देतात. लेणे कोरणाऱ्याने टाळलेला थर खडीवाल्याने निवडावा, यात विसंगती नाही. एकास अखंड खडक हवा आहे, तर दुसऱ्यास अखंड तुकडा.

कुहरी बेसाल्टची स्थिती उलट आहे. पोकळ्यांतील झिओलाइट व कॅल्साइट ही मऊ खनिजे आघाताने आधी फुटतात. मृण्मय खनिजे पाणी शोषून फुगतात व वाळल्यावर आकसतात. ओले-कोरडे होण्याच्या प्रत्येक फेऱ्यात तुकडा आतून सैल होत जातो. अशी खडी पहिल्या दिवशीच्या चाचणीत कदाचित उत्तीर्ण होते, मात्र दोन-तीन पावसाळ्यांनंतर तिचा चुरा होतो. म्हणून जलशोषण व टिकाऊपणाची चाचणी येथे अधिक महत्त्वाची ठरते. डांबरी कामाच्या खडीचे जलशोषण साधारणतः २ टक्क्यांहून अधिक चालत नाही. जर्मनीत काही बेसाल्टवर उघड्यावर राखाडी ठिपके उमटून दगड आपोआप विस्कटतो. तेथे त्यास सूर्यदाह या अर्थाचे नाव आहे. त्या खडकाची खनिजे दख्खनपेक्षा वेगळी असली तरी वरवर भक्कम दिसणारा बेसाल्टही आतून दगा देऊ शकतो, हा धडा समान आहे.

बृहत्स्फटी बेसाल्टमध्ये मोठे स्फटिक त्यांच्या पाटनपृष्ठांवर फुटतात. समान घटकांच्या खडकांत सूक्ष्मकणी खडक सामान्यतः अधिक कणखर असतो. त्यामुळे या प्रकाराची चाचणी थरानुसार स्वतंत्रपणे होणे इष्ट आहे. तसेच फेल्स्पार कुजून त्याची माती झाली असल्यास तो दगड केवळ भरावासाठीच योग्य ठरतो.

डांबराच्या बाबतीत मात्र निसर्गाने या प्रदेशास झुकते माप दिले आहे. सिलिकाचे प्रमाण अधिक असलेल्या ग्रॅनाइट-क्वार्ट्झाइटसारख्या खडकांवरील डांबर पाण्याने सुटू शकते. बेसाल्टसारख्या अल्पसिलिक खडकावर ते अधिक चांगले चिकटते. पण खडीवर धूळ किंवा मातीचा लेप असेल तर हा लाभ वाया जातो. डांबर दगडास न चिकटता धुळीस चिकटते आणि पहिल्याच पावसात खड्डा पडतो. खड्ड्याचा दोष डांबरास दिला जातो. प्रत्यक्षात तो अनेकदा न धुतलेल्या, अपक्षयित खडीचा असतो.

९. काँक्रीटच्या दृष्टीने काही प्रश्न

काँक्रीटच्या आकारमानाचा मोठा भाग खडी व वाळू यांचा असतो. येथे बळाबरोबरच आकार व रासायनिक स्वभाव यांचा विचार करावा लागतो. सूक्ष्मकणी बेसाल्ट जबड्याच्या क्रशरमध्ये चपटे व लांबट तुकडे देण्याची प्रवृत्ती दाखवितो. असे तुकडे असल्यास काँक्रीट नीट खेळत नाही, पाणी अधिक लागते आणि पाणी वाढले की बळ घटते. घनाकृती खडी मिळविण्यासाठी दगडावर दगड आपटणारी क्रशरची पुढील पायरी आवश्यक ठरते.

दुसरा प्रश्न कॅल्सेडोनीचा. १९४० मध्ये कॅलिफोर्नियातील अभियंता थॉमस स्टँटन यांनी सिमेंटमधील अल्कली व खडीतील विशिष्ट सिलिका यांच्या अभिक्रियेमुळे काँक्रीट फुगून त्यास जाळीदार तडे जातात, हे दाखवून दिले. कॅल्सेडोनी व ज्वालामुखीय काच ही अशा क्रियाशील सिलिकेची उदाहरणे होत. इनामगावच्या कारागिराने ज्या दगडाची पाती काढली, तोच दगड धरणाच्या किंवा पुलाच्या काँक्रीटमध्ये अनेक वर्षांनी त्रास देऊ शकतो. कायम ओलाव्यात राहणाऱ्या बांधकामासाठी कुहरी थराची खडी वापरण्यापूर्वी ही चाचणी टाळता येणार नाही.

तिसरा प्रश्न वाळूचा. नदीपात्रातील वाळूउपशावर २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर पर्यावरणीय परवानगीचे निर्बंध कडक झाले आणि महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचे धोरण स्वीकारले. दगडाची वाळू वापरणे नद्यांच्या दृष्टीने स्वागतार्ह आहे. तथापि २०१६ च्या मानकात दगड फोडून केलेल्या वाळूत ७५ मायक्रॉनहून बारीक कणांना १५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, ती दगडाच्या पिठासाठी आहे. कुहरी किंवा अपक्षयित दगडापासून मिळणाऱ्या कचेतील बारीक अंश मातीचा असतो. चाळणीवर दोन्ही सारखेच दिसतात. काँक्रीटमध्ये त्यांचे वर्तन मात्र भिन्न असते.

१०. वर्तमान स्थिती : डोंगर, खाण व वारसा

हाताने खडी फोडण्याच्या काळात निवड आपोआप होत असे. वाईट दगड वडार बाजूला टाकत असे. क्रशरच्या जबड्यात मात्र घट्ट थर, कुहरी माथा व तांबडा मऊ पट्टा हे सर्व एकत्र जाते आणि बाहेर एकाच रंगाची रास पडते. खाणीच्या उभ्या भिंतीवर थरांचा फरक स्पष्ट दिसतो. राशीत तो पुसला जातो. यंत्राने वेग वाढविला, पण पारख कोणाची, हा प्रश्न अनुत्तरित ठेवला.

खाणीची जागा निवडताना आणखी तीन गोष्टींचा विचार आवश्यक आहे. पहिली, वारसास्थळांची. केंद्रीय संरक्षित स्मारकांभोवती १९९२ च्या अधिसूचनेने १०० मीटरचे प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटरचे नियंत्रित क्षेत्र ठरविले असून ते खाणकामासही लागू आहे. जुन्नरची लेणी संधिरहित खडकात असली तरी सुरुंगाच्या कंपनांपासून ती मुक्त नाहीत. दुसरी, उतारांची. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून १५१ जणांचा मृत्यू झाला. अतिवृष्टीच्या पट्ट्यात कुजलेल्या खडकाचे व मातीचे जाड आवरण उतारावर किती अस्थिर असू शकते, हे या दुर्घटनेने दाखवून दिले. अशा पट्ट्यातील वरच्या थरांचा दगड खडीच्या दृष्टीने कनिष्ठ असतो आणि तेथील खोदकाम धोक्याचे असते. म्हणजे दोन्ही निकष एकाच निर्णयाकडे बोट दाखवितात. तिसरी, शेतीची. क्रशरच्या धुळीचा थर पानांवर बसला की फळबागांचे व भाजीपाल्याचे नुकसान होते आणि तेथे काम करणाऱ्या मजुराच्या फुप्फुसांवरही परिणाम होतो.

११. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. जुन्नर-आंबेगाव परिसरातील ‘काळा दगड’ हा एकच पदार्थ नसून भिन्न गुणधर्मांच्या थरांचा समूह आहे. कोणताही थर सर्वस्वी चांगला किंवा वाईट नाही. उपयोगानुसार त्याची योग्यता ठरते.

२. प्राचीन व मध्ययुगीन कारागिरांनी अखंड कुहरी थर लेणी व पोढ्यांसाठी आणि संधियुक्त घट्ट थर चिरे व डबर यांसाठी वापरला. ही विभागणी आधुनिक अभियांत्रिकी भूविज्ञानाशी सुसंगत आहे.

३. रस्त्याच्या व काँक्रीटच्या खडीसाठी ताजा, घट्ट, सूक्ष्मकणी बेसाल्ट सर्वोत्तम होय. कुहरी, काचमय व अपक्षयित खडकांच्या बाबतीत केवळ आघातमूल्यावर विसंबून न राहता जलशोषण, टिकाऊपणा व अल्कली-अभिक्रिया यांच्या चाचण्या आवश्यक आहेत.

४. यांत्रिक क्रशरमुळे कारागिराची निवड संपुष्टात आली. म्हणून निवडीचा टप्पा राशीवरून पुन्हा खाणीच्या भिंतीवर नेणे गरजेचे आहे. खाणीस परवानगी देतानाच तिच्या थरांचा नकाशा तयार करून कोणता थर खडीसाठी, कोणता भरावासाठी व कोणता न उचलण्यासाठी हे नोंदविल्यास अपव्यय व निकृष्ट काम दोन्ही टाळता येतील.

५. या कामात स्थानिक महाविद्यालयांच्या भूगोल, भूविज्ञान व इतिहास विभागांना उपयुक्त भूमिका बजावता येईल. गावोगावच्या खाणींची नोंद, वडार व पाथरवट कारागिरांच्या शब्दांचे व पारखीचे संकलन आणि साध्या चाचण्या यांतून तालुक्याचा दगडांचा दप्तर तयार होऊ शकेल.

लेण्याद्रीचे दालन आज उभे आहे, कारण ते कोरणाऱ्याने आधी खडक पाहिला आणि मग छिन्नी उचलली. त्याच डोंगररांगेच्या पायथ्याशी बांधला जाणारा रस्ता चार पावसाळे टिकावयाचा असेल, तर तोच क्रम पाळावा लागेल.